बक्षीसपत्र, मृत्युपत्र की वाटणी? आधी तुमचं किती, ते मोजा

प्रश्न: माझं वय 69. तासगाव तालुक्यात 8 एकर वडिलोपार्जित जमीन आहे. 1986 साली वडिलांनी आम्हा तीन भावांत तहसीलदारांमार्फत वाटप करून दिलं, त्यात ती माझ्याकडे आली. वडिलांनी स्वतःकडे काही ठेवलं नाही. 8 पैकी 5 एकर द्राक्षबाग आहे, 3 एकर जिरायत. 2003 मध्ये मी आणखी 3 एकर खरेदी केली. तालुक्याच्या गावी 1996 पासून कृषी सेवा केंद्र आहे. परवाने, जीएसटी, गाळा, सगळं माझ्या एकट्याच्या नावावर. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा (खेळत्या भांडवलाचं कर्ज) आहे, गाळा तारण आहे आणि धाकटा मुलगा जामीनदार. थोरला बी.कॉम. आहे, बाग आणि दुकान तोच बघतो. धाकटा पुण्यात नोकरीला, मुलगी सोलापूरला दिली. थोरला म्हणतो, हयातीतच नावावर करा. गावात सांगतात, 200 रुपयांत बक्षीसपत्र होतं. वकील म्हणाले मृत्युपत्र करा. मुलगी हक्कसोड द्यायला तयार आहे. काय करू?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर: नमस्कार. तुम्हाला सुचवलेला प्रत्येक कागद खरा आहे, पण एकच कागद सगळ्या मिळकतीला चालत नाही. तुमच्याकडे कायद्याच्या नजरेने तीन वेगळ्या गोष्टी आहेत: वाटपात आलेली 8 एकर, स्वतः घेतलेली 3 एकर आणि गाळा, आणि चालू धंदा. पहिलीला वाटणीपत्र लागेल, दुसरीला मृत्युपत्र, तिसरीला भागीदारी. हा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यात चूक झाली तर दुसरा कागद आपोआप लंगडा पडतो.

आधी 8 एकर, म्हणजे 320 गुंठे. एकत्र कुटुंबाच्या वाटपातून आलेली जमीन असल्यामुळे तिच्यात तुमच्या मुलांचा जन्मापासून हक्क आहे, आणि यात मुलगीही आली. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानेच आहे. लग्न कधी झालं याने त्यात फरक पडत नाही. आज वाटणी केली तर वाटे पाच पडतात: तुम्ही, तुमच्या पत्नी आणि तीन मुलं. पत्नीला स्वतःहून वाटणी मागता येत नाही, पण बाप-लेकांत वाटणी होते तेव्हा तिला मुलाइतका वाटा मिळतो. गावोगाव हीच गोष्ट विसरली जाते आणि पुढे आईच्या नावाने दावा उभा राहतो. 320 भागिले 5, म्हणजे प्रत्येकी 64 गुंठे.

याचा अर्थ असा की या 8 एकरांतले फक्त 64 गुंठे तुमच्या मृत्युपत्राने देता येतात. बाकीचे 256 गुंठे मृत्युपत्रात कितीही सुंदर अक्षरात लिहिले तरी ते तुमचे नाहीत. बक्षीसपत्राची स्थिती त्याहून वाईट. पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, हे गावात सांगतात ते खरं. पण शुल्क कमी आहे म्हणून दस्त टिकतो असं नाही. एकत्र कुटुंबाची जमीन कर्त्याने, म्हणजे कुटुंबप्रमुखाने, एका मुलाला मायेपोटी बक्षीस द्यायची, हे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा सांगितलं आहे की अशा मिळकतीचं बक्षीस फक्त धार्मिक-पुण्यकार्यासारख्या कारणापुरतंच होऊ शकतं. दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतील, कारण हक्क तपासणं हे त्यांचं काम नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा दहा वर्षांनी भावंडांपैकी कोणी तो दस्त न्यायालयात नेतं आणि तोवर थोरल्याने त्या जमिनीवर शेततळं बांधून कर्जही उचललेलं असतं.

इथे एक इशारा द्यायला हवा. हा हिशेब तुमच्या जमिनीचा आहे. तुमच्या शेजाऱ्याला जमीन वाटपातून न येता वडील वारल्यावर नुसत्या वारसाने आली असेल, तर ती साधारणपणे त्याची स्वतःची धरली जाते आणि मुलांचा जन्मतः हक्क त्यात येत नाही. 'आजोबाची जमीन म्हणजे नातवाचा हक्क' हे चावडीवरचं गणित दर वेळी लागू पडत नाही. म्हणून जमीन तुमच्याकडे कशी आली, ते सांगणारा फेरफार आधी हातात घ्या. गाव नमुना 6 चा तो उतारा सातबाऱ्यापेक्षा जास्त बोलका असतो.

1986 च्या वाटपाचे कागद आणखी एका कारणाने लागतील. तुम्हाला बहिणी आहेत का, ते पत्रात नाही. असतील तर जुन्या वाटणीवरही प्रश्न येऊ शकतो. 2005 च्या दुरुस्तीने 20 डिसेंबर 2004 च्या आधीच्या वाटण्यांना संरक्षण दिलं आहे, पण ती वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली हवी. नुसती तोंडी वाटणी न्यायालय सहसा मानत नाही. सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद होतो. तहसीलदारांचा आदेश, त्यावरून झालेला फेरफार, 1986 पासून तिन्ही भावांचे वेगळे सातबारे आणि वेगळी वहिवाट हा तसा आधार आहे. आदेशाची आणि फेरफाराची प्रमाणित प्रत तहसीलच्या अभिलेख कक्षातून आत्ताच काढून ठेवा. जुनी दप्तरं भिजतात, हरवतात. बहिणी राजी असतील तर त्यांच्याकडून नोंदणीकृत मान्यतेचा दस्तही करून घ्या.

सातबारा काढाल तेव्हा चार गोष्टी बघा. नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा जुना शेरा राहिला आहे का. मयतांची नावं आहेत का. इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा फिटलेला बोजा तसाच आहे का. आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र नकाशाशी जुळतं का. यातलं काहीही चुकीचं असेल तर वाटणीचा फेरफार मंडळ अधिकाऱ्याच्या टेबलावर अडकतो. 2025 मध्ये जिवंत सातबारा मोहिमेत बऱ्याच गावांत मयतांची नावं कमी झाली, पण तुमच्या गटाचं काम झालंय असं गृहीत धरू नका.

आता 3 एकर खरेदीची जमीन. ही तुमची स्वकष्टार्जित, म्हणजे मृत्युपत्राने कोणालाही देता येईल अशी. पण याच ठिकाणी हुशार वकील बोट ठेवतो: '2003 मध्ये पैसे कुठून आले? बागेतूनच ना?' वडिलोपार्जित जमिनीचं उत्पन्न खरेदीला पुरेल एवढं होतं, हे दाखवता आलं, तर ती खरेदी स्वतःच्या वेगळ्या कमाईची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्या बाजूवर येते. तेव्हा खरेदीखतासोबत त्या वर्षाचं दुकानाचं बँक खातं, आयकर विवरणपत्र, कर्ज काढलं असल्यास मंजुरीपत्र, सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा. तुमच्या पश्चात हे कोणाला शोधून सापडणार नाही.

मुलीच्या हक्कसोडीतही असाच बारकावा आहे. 8 एकरातला तिचा वाटा आज तिचा आहे, म्हणून तो ती आज नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडू शकते. 3 एकर आणि दुकानात मात्र तुमच्या हयातीत तिचा काही हक्कच नाही, आणि जो हक्क अजून आलेला नाही तो सोडता येत नाही. 'वडिलांच्या पश्चात मिळणारा हिस्साही सोडत आहे' असं वाक्य अनेक हक्कसोडपत्रांत घुसडलेलं असतं. त्याला किंमत नाही. तिथे मृत्युपत्रच लागतं. शिवाय हक्कसोड कोणाच्या लाभात, ते नावानिशी लिहायला हवं. नाही तर सोडलेला वाटा सगळ्यांत वाटला जातो आणि थोरल्याला वाटतं तेवढं त्याच्या पदरात पडत नाही.

आणि ती 'तयार आहे' म्हणते, एवढ्यावर थांबू नका. राखी-भाऊबीजेच्या भिडेपोटी दिलेली सही ही सर्वांत महाग सही असते. तिला एकटीला विचारा, जावयांसमोर नको आणि भावांसमोरही नको. तिला 64 गुंठ्यांची आजच्या बाजारभावाची किंमत सांगा आणि मग तिने ठरवू दे. एक व्यावहारिक गोष्टही तिला सांगा: महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. सासरी तिच्या नावावर जमीन नसेल आणि इथलंही नाव निघालं, तर पुढे शेती घेताना दाखवायला सातबारा उरणार नाही. बऱ्याच घरांत म्हणूनच मुलीच्या नावे 20-25 गुंठे ठेवून बाकीच्याचे पैसे दिले जातात. आमच्या मते तुमच्याकडेही हाच मार्ग बरा.

वाटणी प्रत्यक्ष कशी पाडायची, यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. पाच जणांना प्रत्येक गटात पाचवा हिस्सा, हा न्याय कागदावर गोड दिसतो. 3 एकर जिरायत धरा: 120 गुंठे, पाच जणांत 24 गुंठे. तुकडेबंदीच्या मर्यादेत बसतं, कारण 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. पण गट 500 फूट लांब असेल तर 24 गुंठ्यांची पट्टी जेमतेम 52 फूट रुंद होते. उद्या तिथे द्राक्ष लावायची म्हटलं तर नऊ फुटांच्या पाच ओळी, आणि दोन्ही बाजूंना बांधावरून वाद. फवारणीचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर वळवायला शेजारच्या भावाच्या रानात जावं लागेल. त्यापेक्षा गट सलग ठेवा, वाटे कमी करा आणि फरक पैशाने भरा. सज्ञान हिस्सेदारांनी राजीखुशीने असमान वाटे घेतले तरी वाटणी वैध असते.

मोल ठरवताना गुंठा सगळीकडे सारखा धरू नका. विहिरीखालची काळी जमीन आणि मुरमाड माळ यांचे भाव वेगळे लावा. उभ्या बागेचं मोल मांडव, ठिबक आणि वेलीचं उरलेलं आयुष्य यांवर लावा. चौथ्या वर्षाची बाग आणि चौदाव्या वर्षाची बाग एका भावात धरली की ज्याच्याकडे जुनी जाते तो फसतो. मतभेद झाले तर जुनी पद्धत आजही उत्तम: एकाने वाटे पाडायचे, निवडायचा मान दुसऱ्याला. पाडणारा मग आपोआप जपून पाडतो.

पैशाच्या भरपाईच्या तारखा हंगामाशी बांधा. 'पाच वर्षांत देईन' असं मोघम नको. द्राक्ष-बेदाण्याचे पैसे हातात आल्यावर, समजा दर वर्षी 31 मेपर्यंत अमुक रक्कम, आणि हप्ता चुकला तर व्याज किती, तेही लिहा. रक्कम पूर्ण फिटेपर्यंत थोरल्याच्या वाट्यावर तिचा बोजा राहील, ही अट वाटणीपत्रातच टाका. धाकट्याला आणि मुलीला याहून मोठा दिलासा नाही.

विहीर आणि वाट या दोन कलमांवरून सर्वांत जास्त भांडणं होतात आणि नेमकी तीच कलमं दस्तात एका ओळीत उरकलेली असतात. 'विहिरीत समाईक हक्क' एवढ्याने भागत नाही. कोणाला कोणत्या दिवशी पाणी, मोटार जळाली तर खर्च कोणत्या प्रमाणात, वीजबिल कोणाच्या नावे आणि कोण भरणार, पाळीच्या दिवशी वीज गेली तर ती पाळी पुढे सरकणार की बुडणार, गाळ काढायचा खर्च कसा. कृषिपंपाला वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते, तेव्हा पाळ्या अशा फिरवा की रात्रीचं पाणी कायम एकाच्याच नशिबी येणार नाही. वाट किमान 10-12 फूट, कोणत्या बांधावरून, नकाशात रंगवून. पाइपलाइन कोणाच्या रानाखालून जाते आणि दुरुस्तीला खोदायचा हक्क कोणाचा, तेही.

क्रम असा ठेवा: आधी सगळ्यांत तोंडी एकमत, मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी, मग त्या नकाशावरून दस्त, मग फेरफार. उलटं केलं, म्हणजे आधी दस्त आणि मग मोजणी, की क्षेत्र दोन-चार गुंठ्यांनी जुळत नाही आणि चूकदुरुस्तीच्या दस्तासाठी पाचही जणांना पुन्हा गोळा करावं लागतं. मोजणीचा मुहूर्त माल उतरल्यावर आणि खरड छाटणीच्या आसपास, मार्च-एप्रिलमध्ये. मांडवाखाली घड लटकत असताना मोजणीदाराला सरळ रेषा मिळत नाही आणि तुम्हालाही कोणी बागेतून फिरलेलं नको असतं.

तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली संमतीने वाटप करून घेणं स्वस्त आहे, पण ते शेतजमिनीपुरतंच, आणि भरपाईचे हप्ते, बोजा, पाण्याच्या पाळ्या हे सगळं त्यात नीट मांडता येत नाही. तुमच्यासाठी नोंदणीकृत वाटणीपत्र बरं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राचं मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, आणि त्याची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतला. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली वाटणी मात्र करू नका. तिच्यावर सातबारा बदलत नाही आणि भांडण झालं की ती पुराव्यातही अडखळते. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज असेल तर ना हरकत दाखला आधी मिळवा. वाटणीनंतर थोरल्याने स्वतःच्या नावे सोसायटीचं सभासदत्व घेतलं नाही, तर पुढच्या हंगामात त्याला सोसायटीचं पीककर्ज मिळणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता दुकान. पत्रात ते जमिनीनंतर आलंय, पण तुमच्या पश्चात सर्वांत आधी तेच बंद पडेल. जमीन सातबारा बदलेपर्यंत पिकत राहते. एकल मालकीचा धंदा मात्र मालकाबरोबर थांबतो. बँक कॅश क्रेडिट खातं गोठवते. जीएसटी क्रमांक वारसाला तसाच वापरता येत नाही. त्याने नवा क्रमांक घ्यायचा आणि जुन्या खात्यातली शिल्लक वजावट (खरेदीवर आधी भरलेल्या कराची) आयटीसी-02 या नमुन्याने वळवायची. खत, बियाणं आणि कीटकनाशकांचे परवाने वारसाने आपोआप उतरत नाहीत. कंपन्यांची उगम प्रमाणपत्रंही (त्यांचा माल विकायची संमती) नव्या नावाने घ्यावी लागतात. ऑक्टोबरात फळछाटणी झालेली, डाऊनी रोगावरच्या फवारण्या सुरू, आणि दुकानाला महिनाभर कुलूप, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि जाताना उधारीही घेऊन जातं.

थोरला बी.कॉम. आहे, हा इथला खरा अडसर. कीटकनाशकाच्या परवान्याला शेती किंवा विज्ञान शाखेची विहित पदवी अथवा पदविका लागते, मालकाकडे किंवा नोकरीवर ठेवलेल्या व्यक्तीकडे. त्याने निविष्ठा (खत, बियाणं, औषधं) विक्रेत्यांसाठीचा 'देसी' पदविका अभ्यासक्रम यंदाच करावा. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा हा 48 आठवड्यांचा अभ्यासक्रम दुकान सांभाळून करता येतो. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्ह्याच्या आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात पुढच्या तुकडीची चौकशी करा. बाकी सगळे कागद दोन-तीन महिन्यांत होतात, याला वर्ष लागतं, म्हणून सुरुवात इथूनच.

मग भागीदारी. तुम्ही आणि थोरला असे दोघेच नको. भागीदार वारला तरी पेढी चालू राहील असं कलम दस्तात घालता येतं, पण दोघांच्या पेढीत एक गेला की उरलेला एकटा भागीदारी करू शकत नाही, पेढी विसर्जितच होते. तिसरा भागीदार घ्या, सूनबाई किंवा तुमच्या पत्नी. पेढीची नोंदणी निबंधकांकडे करा, कारण अनोंदणीकृत पेढीला उधारीसाठी दावा लावता येत नाही, आणि कृषी सेवा केंद्र म्हणजे निम्मी उधारीच. बदलाची तारीख 1 एप्रिल ठेवा, म्हणजे हिशेब 31 मार्चला स्वच्छ तुटतो. पण नवे परवाने हातात आल्याशिवाय नव्या नावाने एक पिशवीही विकू नका.

गाळा पेढीत घालू नका. तो स्वतःच्या नावे ठेवा आणि पेढीला भाडेकराराने द्या. तुम्हाला दरमहा भाडं मिळेल, धंदा बुडाला तर गाळा त्यात ओढला जाण्याचा धोका कमी होईल (बँकेचं तारण तेवढं सोडून), आणि तो कोणाला द्यायचा हे मृत्युपत्रात वेगळं ठरवता येईल. 200 रुपयांची बक्षीसपत्राची सवलत दुकानाच्या गाळ्याला नाही, हेही कारण आहेच. धाकट्याची जामीनकी मात्र सोडवून घ्या. नवी मर्यादा पेढीच्या नावे मंजूर होताना त्याला मुक्त केल्याचं बँकेचं लेखी पत्र घ्या. तोंडी 'होईल साहेब' चालत नाही. ज्याला दुकानात वाटा नाही त्याने त्याच्या कर्जाला जामीन राहायचं, हे भावाभावांत विष कालवायला पुरेसं आहे.

दुकानाची किंमत किती, यावर घरात नेहमी गैरसमज असतो. बाहेरून बघणाऱ्या धाकट्याला भरलेलं दुकान दिसतं, थोरल्याला देणी दिसतात. नमुन्यादाखल आकडे घेऊ. माल खरेदी किमतीने 18 लाख. उधारी 26 लाख, पैकी वर्षाच्या आतली 16, एक ते तीन वर्षांची 6, त्याहून जुनी 4. पहिली नव्वद टक्के धरा, म्हणजे 14.4 लाख. दुसरी निम्मी, म्हणजे 3 लाख. तिसरी शून्य, कारण तीन वर्षांनंतर उधारी मुदतबाह्य होते. एकूण 35.4 लाख. देणी: कंपन्यांची 11, बँकेची 15. हातात उरले 9.4 लाख. 44 लाखांचं दिसणारं दुकान साडेनऊ लाखांचं निघतं. हा तक्ता 31 मार्चला सीएकडून करून तिन्ही मुलांना दाखवा. आणि प्रत्येक उधारीवाल्याची मुदत संपण्याआधी वहीत शिल्लक रकमेखाली तारीख घालून सही घ्या, म्हणजे मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. फवारणीच्या ऐन गर्दीत नको, द्राक्षाचे पैसे आल्यावर तो स्वतः दुकानात येतो तेव्हा.

थोरल्याच्या कष्टाचा हिशेब वाटणीत मिसळू नका. 'मी इतकी वर्षं राबलो' आणि 'माझाही वाटा आहे' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण एकाच तराजूत घातली की दोन्ही खोटी वाटायला लागतात. आजपासून त्याला भागीदारीत पगार आणि नफ्यात जास्त टक्का द्या. मागच्या वर्षांसाठी 3 एकरातला मोठा भाग मृत्युपत्राने द्या आणि कारण मृत्युपत्रात दोन ओळींत लिहा. असमान देण्याचं कारण लिहिलेलं मृत्युपत्र न्यायालयात जास्त टिकतं.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. तुमची सही, आणि तुम्हाला सही करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या तुमच्यासमोर सह्या, एवढं अत्यावश्यक. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान, जवळपास राहणारे आणि मृत्युपत्रातून काही न मिळणारे असावेत, कारण त्यांतल्या एकाला कधी तरी पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. वाटणीतले तुमचे 64 गुंठे, 3 एकर, गाळा, पेढीतलं भांडवल, शीतगृहातला बेदाणा, अडत्याकडची येणी, आणि शेवटी 'यात न लिहिलेली इतर सर्व मिळकत अमुकला' हे कलम. ते नसेल तर राहून गेलेल्या प्रत्येक गोष्टीला पत्नी आणि तीन मुलं असे चार वारस लागतात.

'पत्नीला हयातभर, तिच्यानंतर थोरल्याला' अशी वाक्यरचना टाळा. पोटगीच्या हक्कापोटी स्त्रीला मिळालेला मर्यादित हक्क कायद्याने पूर्ण मालकीचा होऊ शकतो, आणि तो झाला की नाही यावर खटले वर्षानुवर्षं चालतात. तिला जे द्यायचं ते निर्भेळ मालकीने द्या. वाटणीत तिचे 64 गुंठे येणारच आहेत. मग तिनेही स्वतःचं मृत्युपत्र करावं.

बँक, सोसायटी, सगळीकडे नामनिर्देशन थोरल्याचं असेल तर तो मालक झाला असं समजू नका. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्याची. शेअर्सच्या बाबतीत हेच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं. मृत्युपत्र केल्यावर नामनिर्देशनं त्याच्याशी जुळवून घ्या.

राहिला थोरल्याचा आग्रह, हयातीतच नावावर करा. वाटणी झाल्यावर त्याचा वाटा त्याच्या नावावर होईलच. तुमचे 64 गुंठे, 3 एकर आणि गाळा मात्र तुमच्याकडेच राहू द्या. कर्जासाठी यातलं काही त्याच्या नावावर करणं भागच पडलं, तर बक्षीसपत्रात 'आई-वडिलांचा सांभाळ, औषधपाणी आणि राहण्याची सोय करेल' ही अट शब्दशः घाला. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातल्या कलम 23 खाली ते बक्षीस पुढे रद्द करून घ्यायला हीच अट कामी येते. ती दस्तात लिहिलेली नसेल तर लढाई कठीण होते.

मृत्युपत्रात काय आहे ते तिन्ही मुलांना आत्ताच सांगा, आईच्या देखत. मूळ प्रत घरातल्या कपाटात नको. ती बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर लॉकर पत्नीच्या जोडीने घ्या, नाही तर तुमच्या पश्चात मृत्युपत्र काढायलाच वारसाचा कागद मागतील. एक झेरॉक्स वकिलांकडे, एक मुलीकडे. आणि वाटणीचा फेरफार मंजूर झाला की मृत्युपत्र पुन्हा उघडा: गट क्रमांकापुढे नवा पोटहिस्सा पडलेला असेल, जुना क्रमांक तसाच राहिला तर ग्राम महसूल अधिकारी नोंद धरणार नाही. त्या दिवशी नव्या क्रमांकांचं दुसरं मृत्युपत्र करा आणि त्यात 'आधीचं रद्द' हे वाक्य तारखेसह लिहा.